पंचायतीचंच तर आहे

निवडणुकांच्या आठवणी लिहा, असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा त्यांच्या मनात मोठ्या सभा, नामांकित पुढारी आणि अटीतटीच्या लढती असणार. मी त्यांना आधीच कळवून टाकलं की पुढारी मी लांबूनसुद्धा फारसे पाहिलेले नाहीत. ते गावात यायचे त्या दिवशी मी तहसील कचेरीच्या मागच्या खोलीत बसून मतदारांची नावं ताडून पाहत असायचो. मी महसूल खात्यातला कारकून. नोकरी मूर्तिजापूरला सुरू झाली, मधे थोडे दिवस अकोल्याला होतो आणि शेवटची बरीच वर्षं अमरावतीत काढली. रोजचं काम जमिनीच्या कागदांचं. निवडणूक हे अधूनमधून अंगावर येणारं काम, पण आलं की बाकी सगळं बाजूला पडायचं.

लोकांना मतदानाचा एक दिवस दिसतो. आमचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू व्हायचं, आणि ते म्हणजे यादी. गावात कोण राहतं, कोण वारलं, कोण नांदायला गेलं, कोणाला एकवीस पूर्ण झाली, हे घरोघर जाऊन लिहायचं. जन्मतारीख कोणाला ठाऊक नसे. एक म्हातारा म्हणाला, प्लेगात गाव बाहेर झोपड्यांत राहायला गेलं तेव्हा मी रांगत होतो. मी अंदाजानं वय लिहिलं. त्याची बायको आतून म्हणाली, रांगत नव्हते, चांगले पळत होते. मी तीन वर्षं वाढवली. अशा रीतीनं देशाची पहिली मतदार यादी झाली.

त्या यादीसाठी माझ्या वाट्याला जी गावं आली त्यात एक मूर्तिजापूरपासून सात मैलांवरचं होतं. त्याचं खरं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत. आपण त्याला बोरखेड म्हणू. आमचा हा भाग खारपाणपट्ट्यातला. जमीन काळीभोर, कापूस आणि जवारी उत्तम, पण विहिरीचं पाणी खारट. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाहुण्याला चहा द्यायचा तर गोडं पाणी कुठून तरी आणावं लागतं. बोरखेडला गोड्या पाण्याची एकच विहीर होती, पाटलांच्या घरांजवळ. गावाच्या दुसऱ्या टोकाला, उताराला, दलित वस्ती होती. धर्मांतर अजून व्हायचं होतं. वस्तीला लागून छोट्या कास्तकारांची, म्हणजे शेतकऱ्यांची, एक गल्ली होती. या दोघांच्या वाट्याला खारी विहीर. वस्तीतल्या बायकांना गोड्या विहिरीवर घागर लावू देत नसत. कोणी वरून ओतलं तर ओतलं. कास्तकारांच्या बायकांना मनाई नव्हती, पण सगळं गाव चालून जावं लागे.

वस्तीत किसन नावाचा शेतमजूर राहत होता. त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, आणि बायकोचं विचारल्यावर म्हणाला, किसनची बायको असं लिहा. मी तसंच लिहिलं. सगळ्या गावात मी तसंच लिहीत आलो होतो. बाईनं स्वतःचं नाव परक्या माणसाला सांगायचं नाही आणि नवऱ्यानंही ते चारचौघांत घ्यायचं नाही, अशी रीत होती. यादी तालुक्याला गेली आणि परत आली. वरून हुकूम होता की अमक्याची बायको, तमक्याची आई ही नोंद चालणार नाही. नाव मिळवा, न मिळाल्यास ओळ खोडा.

मी दुसरी फेरी काढली. किसन मजुरीला गेला होता. त्याची बायको गवताचा भारा टाकून नुकतीच दारात आली होती. वय पंचविशीचं असेल. मी तिला सांगितलं की बाई, नाव नसेल तर मत नाही. सरकार माझ्या नावाचं काय करणार, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, काही करणार नाही, वहीत लिहिलं जाईल आणि मतदानाच्या दिवशी मोठ्यानं वाचलं जाईल. तिनं पदराला लागलेल्या गवताच्या काड्या झटकल्या.

"सुगंधा," ती म्हणाली. "माहेरी म्हनत. इथं कोनी म्हनत नाई."

मी लिहिलं. लिहिलेलं वाचून दाखवा म्हणाली. मी 'सुगंधा किसन' असं वाचून दाखवलं. मग ती माझ्याबरोबर शेजारच्या घरात आली, तिथल्या बाईला म्हणाली की सांग तुझं नाव, त्यात काही होत नाही. अशी ती माझ्यापुढे घर घर फिरली. त्या वस्तीतली एकही ओळ मला खोडावी लागली नाही. पाटलांच्या गल्लीतल्या सात ओळी मात्र मी माझ्या हातानं तांबड्या शाईनं खोडल्या. तिथल्या पुरुषांनी नावं द्यायला साफ नकार दिला होता. सात बायकांचं मत असं गेलं, आणि त्यांतल्या एकीलाही कोणी विचारलं नव्हतं.

कास्तकारांच्या गल्लीत गुलाबराव म्हणून एक होते. दोन तिफनी चालतील एवढी बेताची शेती, चौथीपर्यंत शिकलेले, चावडीवर येणारं वर्तमानपत्र सर्वांना वाचून दाखवणारे. त्यांनी बायकोचं नाव पहिल्या फेरीलाच दिलं होतं, नर्मदा, आणि ते देताना ते थोडे लाजले होते.

पहिल्या निवडणुकीची पद्धत आताच्या वाचकांना सांगितली पाहिजे. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी असायची, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. आडोशामागे पेट्या ओळीनं मांडलेल्या. मतदारानं कोरी मतपत्रिका घेऊन आत जायचं आणि हव्या त्या पेटीत टाकायची. शिक्का नाही, खूण नाही. काहीजण आत जाऊन पेटीला नमस्कार करून पत्रिका खिशात घालून घरी जायचे. काहीजण ती पेटीवर ठेवून यायचे, जणू देवापुढे फूल ठेवलं. मोजणीच्या वेळी एका पेटीत मतपत्रिकांबरोबर एक अर्ज निघाला. आमच्या शाळेचं छप्पर गळतं, असा. कोणाच्या नावे लिहिला होता ते कळेना. मी तो साहेबांना दाखवला. ते म्हणाले, हा अवैध. आणखी एकजण दुपारी आला आणि बायको बाळंतपणाला माहेरी गेली आहे, तिचं मत ठेवून घ्या, ती सव्वा महिन्यानं येईल, असं म्हणाला. मी नाही म्हटल्यावर तो खरोखर रागावला.

गुलाबराव त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून, नर्मदाबाईंना दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बसवून आले होते. बैलांच्या शिंगांना रंग लावला होता. मत देऊन बाहेर आल्यावर बोटाची शाई वाळेपर्यंत हात तसाच पुढे धरून उभे राहिले. आज मी दिल्लीचं सरकार निवडलं, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. सुगंधाबाई रांगेत होती. तिचं नाव वाचलं गेलं तेव्हा तिनं "हाव" म्हटलं ते बाहेर झाडाखाली बसलेल्यांनाही ऐकू गेलं.

पुढे सत्तावन्नची निवडणूक झाली. तोवर आमचं वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलं होतं आणि आदल्या दसऱ्याला वस्ती बौद्ध झाली होती. त्या वेळी वस्तीतली माणसं एकत्र, पांढरे कपडे घालून आली. गुलाबरावही आले, पुन्हा दमणी जुंपून. मोठ्या निवडणुकीला बोरखेड कधी मागे राहिलं नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते. महाराष्ट्र राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या. आम्हा कचेरीतल्या लोकांना हे काम हलकं वाटायचं. विधानसभा, लोकसभा म्हटलं की बंदोबस्त, जीप, कलेक्टरसाहेबांची फेरी. पंचायतीला एक नायब तहसीलदार, माझ्यासारखे दोन कारकून आणि एक शिपाई. शिवाय भांडणं फार. दिल्लीच्या उमेदवाराला कोणी ओळखत नसतं, त्यामुळे त्याच्यावरून कोणी शेजाऱ्याशी बोलणं टाकत नाही. पंचायतीत उमेदवार म्हणजे चुलतभाऊ, भाडेकरू, बांधाला बांध असलेला माणूस. मतदान जितकं कमी तितकी कटकट कमी, असं आम्ही आपसात उघड बोलायचो.

बोरखेडच्या उताराकडच्या प्रभागात बाईसाठी राखलेली एक जागा होती आणि तिला दोघी उभ्या होत्या. एक पाटलांच्या घरातली काकू, चिन्ह छत्री. दुसरी सुगंधाबाई, चिन्ह शिडी. काकू त्या प्रभागात राहत नव्हत्या, पण पाटलांचे सालदार आणि कुळं तिथे होती. सुगंधाबाईचं म्हणणं एकच होतं. नवी विहीर मंजूर व्हायची होती आणि ती कुठे खणायची हे पंचायत ठरवणार होती. पंचायतीत दोन्ही बाजू इतक्या सारख्या होत्या की या एका जागेवर ते ठरणार होतं. वस्तीच्या खाली नाला होता. नाल्याच्या काठाला उन्हाळ्यातही गोडं पाणी लागतं, हे तिला झिरे उकरून उकरून माहीत झालं होतं. झिरा म्हणजे वाळूत हातानं खणलेला खड्डा, त्यात वाटीवाटीनं पाणी साचतं. विहीर तिथे झाली असती तर वस्ती आणि कास्तकारांची गल्ली, दोघांचीही सोय होती. म्हणून गल्लीतल्या काही घरांनीही तिला मत द्यायचं ठरवलं होतं. हे त्या काळी लहान काम नव्हतं.

मतदानाच्या सकाळी मी शाळेच्या फाटकाशी टेबल लावून घेत होतो. तेव्हा गुलाबराव आले. दिवस जवारीच्या सोंगणीचे होते. डोक्याला फडकं, हातात विळा, मागे मजुरांची बैलगाडी उभी. शेत गावापासून तीन मैल. शाळेचं दार उघडायला अजून पाऊण तास होता.

"बाबू," ते म्हणाले, "बारा मानसं लावली हायेत सोंगनीले. आज मत टाकनं जरुरीचंच हाये का?"

मी यादीतून डोकं वर काढलं नाही. "पंचायतीचंच तर आहे, गुलाबराव," मी म्हणालो. "जा तुम्ही."

ते गेले. मी त्यांना जाताना पाहिलंसुद्धा नाही. हे वाक्य मी का बोललो याचा नंतर मी पुष्कळ विचार केला आहे. कोणी मला फितवलं नव्हतं. पाटलांकडून मी सुपारीचं खांडही घेतलं नव्हतं. मला फक्त तो दिवस लवकर आणि शांतपणे संपवायचा होता, आणि खरं सांगायचं तर मला तसंच वाटत होतं.

मतदान संपल्यावर तिथेच, शाळेच्या खोलीत मोजणी झाली. उताराकडच्या प्रभागाची मतं मी मोजली, नायबसाहेबांनी पुन्हा मोजली. छत्री सत्तेचाळीस, शिडी सत्तेचाळीस. दोन बाद. आता वेगळ्या पेट्यांऐवजी शिक्का मारायची पद्धत आली होती; एकावर दोन्हीकडे शिक्का, एकावर कुठेच नाही. साहेबांनी तिसऱ्यांदा मोजायला लावलं. तेच.

समान मतं पडली की चिठ्ठी टाकायची असा नियम आहे. मी एकाच कागदाचे दोन सारखे तुकडे केले, एकावर एक नाव, दुसऱ्यावर दुसरं नाव लिहिलं, घड्या घातल्या. त्या एका रिकाम्या लोट्यात टाकल्या. दोन्हीकडची माणसं भिंतीला लागून उभी होती. सुगंधाबाई दाराशी होती, काकू आल्याच नव्हत्या, त्यांचा पुतण्या होता. साहेबांनी डोळे मिटून एक चिठ्ठी काढली आणि मला वाचायला दिली. काकूंचं नाव.

पुतण्यानं गुलालाची पुडी आणली होती ती बाहेर जाऊन उधळली. सुगंधाबाईनं दुसरी चिठ्ठी पाहायला मागितली. साहेबांनी दिली. तिच्यावर आपलंच नाव आहे ना हे तिनं शेजारच्याकडून वाचून घेतलं, आणि घडी घालून परत केली.  किसन तिला म्हणाला की चल. ती गेली.

दिवस मावळताना आम्ही सामान बांधत होतो, तेव्हा गुलाबराव शेतातून परतले. कोणीतरी त्यांना वाटेतच सांगितलं होतं. ते शाळेच्या ओट्यावर बसले. फडकं सोडून मांडीवर ठेवलं. मजूर बैलगाडी घेऊन पुढे गेले तरी ते बसूनच होते.

"माहं मत तिलेच व्हतं," ते म्हणाले. "नर्मदेचं बी."

नर्मदाबाईही त्यांच्याबरोबर शेतात गेल्या होत्या, मजुरांच्या भाकरी घेऊन. हे मला तेव्हा कळलं. मी दोरीची गाठ मारत राहिलो. ते माझ्याकडे पाहून बोलले नव्हते, आणि सकाळचं माझं वाक्य त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. साहेबांना मी काही सांगितलं नाही. मतदारयादीतले आणखी बरेच लोक त्या दिवशी आले नव्हते, कोणी बाजाराला, कोणी लग्नाला. दोघांनी शिक्का चुकवला होता. या सगळ्यांमुळे ते घडलं असं मी स्वतःला समजावत मूर्तिजापूरला आलो. ते खोटंही नव्हतं. पण त्यातल्या इतर कोणाला सरकारी माणसानं जा म्हणून सांगितलं नव्हतं.

पुढे जे व्हायचं तेच झालं. छत्रीच्या काकू पंचायतीच्या एकाही बैठकीला गेल्या नाहीत, त्यांच्या नावानं पुतण्या जायचा. नवी विहीर पाटलांच्या गोठ्याजवळ मंजूर झाली. ठराव कचेरीत आला तेव्हा नेमका माझ्याच टेबलावरून गेला. त्यात लिहिलं होतं, सर्वांच्या सोयीची जागा. कागदात खोड काढण्यासारखं काही नव्हतं. मी तो पुढे पाठवला.

दोनेक वर्षांनी यादीच्या दुरुस्तीसाठी मी पुन्हा बोरखेडला गेलो. उन्हाळा होता. नाल्यात पाच-सहा बायका झिऱ्यांभोवती बसल्या होत्या. वाटी बुडवायची, घागरीत ओतायची, पाणी पाझरेपर्यंत थांबायचं. एक घागर भरायला तासाच्या वर वेळ लागे. वस्तीतल्या बायकांबरोबर नर्मदाबाईही तिथे होत्या. गुडघे दुखू लागल्यापासून त्यांना गोड्या विहिरीपर्यंत चालवत नव्हतं. सुगंधाबाई माझ्याशी नेहमीसारखी बोलली. कोण वारलं, कोणाची सून आली, तिनं भराभर सांगितलं, आणि मी काठावर बसून लिहिलं.

लिहून झाल्यावर मी उठलो नाही. बाकीच्या बायका घागरी घेऊन गेल्यावर मी तिला त्या सकाळची गोष्ट सांगितली. गुलाबरावांनी काय विचारलं आणि मी काय म्हणालो, जसंच्या तसं. मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा जाऊ द्या म्हणेल. दोन्हींची मी तयारी केली होती.

तिनं वाटी बाजूला ठेवली. "त्याईनं मले तवाच सांगतलं व्हतं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी घरी येऊन. तुमचं नाव नाई घेतलं. म्हने, माहीच अक्कल गेली."

मी वही पिशवीत घातली.

"तुमी मूर्तिजापूरले राहता ना, बाबूजी? तिथं बी नगरपालिकेचं मतदान होत असन."

होतं, मी म्हणालो.

"मंग तुमी टाकता का?"

मी खरं सांगितलं. मोठ्या निवडणुकांना मी कामावर असे, टपालानं मत देण्याची सोय होती पण तो अर्ज मी कधी भरला नव्हता. नगरपालिकेच्या निवडणुकीला कचेरीला सुट्टी असे. तेव्हा मी एकदा घरी झोपलो होतो आणि एकदा बडनेऱ्याला सासुरवाडीला गेलो होतो. आयुष्यात एकदाही मत दिलं नव्हतं. शेकडो लोकांच्या बोटांना शाई लावली होती, माझं बोट कोरं होतं.

ती हसली नाही. "तुमाले खरंच तसं वाटते, म्हून तुमी त्याईले तसं सांगतलं," ती म्हणाली. "त्यात लबाडी नाई. पन बाबूजी, दिल्लीत आमी हरलो तरी पानी तेच राह्यते. इथं हरलो त हे असं." तिनं झिऱ्याकडे हात केला, वाटी उचलली आणि कामाला लागली.

मी गुलाबरावांकडेही गेलो. त्यांनी चहा केला. आपण त्या दिवशी विचारलं नसतं तरी शेतातच गेलो असतो, बाबूनं फक्त वाट मोकळी केली, एवढंच ते म्हणाले, आणि विषय संपवला. चहाला खारट चव होती. त्यांनी साखर जास्त घातली होती.

त्यानंतर माझी अमरावतीला बदली झाली. दीडेक वर्षात तिथल्या नगरपालिकेची निवडणूक लागली. मी सकाळी आंघोळ करून कपडे घातले आणि बायकोला, सुशीलाला, म्हणालो की मी मत द्यायला चाललो आहे, तुला यायचं असेल तर ये. ती पदर सारखा करून आधीच दारात उभी होती. तिला केंद्र ठाऊक होतं, यादीतला आमचा अनुक्रमांकही ठाऊक होता. वाटेत मी विचारलं तेव्हा कळलं की मूर्तिजापूरच्या प्रत्येक नगरपालिका निवडणुकीत तिनं मत दिलं होतं. मी झोपलो होतो त्या दिवशीसुद्धा, शेजारच्या बायकांबरोबर जाऊन आली होती. मला कधी बोलली का नाहीस, असं मी म्हटलं. तुम्ही कधी विचारलं का, असं ती म्हणाली. नळाला पाणी किती वाजता येतं हे ज्याला माहीत आहे त्याला मी मत देते, असा तिचा साधा हिशेब होता.

ज्या टेबलामागे मी इतकी वर्षं बसलो त्याच्या समोर पहिल्यांदाच उभा राहिलो. माझं नाव वाचणारा कारकून आमच्याच कचेरीतला होता, त्यानं ओळख दाखवली नाही. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. माझा उमेदवार सपाटून पडला. मला वाईट वाटलं, आणि आपल्याला वाईट वाटतं आहे याचं नवल वाटलं. पूर्वी कोणीही आलं तरी माझ्या दृष्टीनं तो फक्त निकालाचा तक्ता असायचा. पुढच्या काही वर्षांत आमच्या प्रभागाचा निवडून आलेला सभासद काय करतो, गटार उपसतो की नाही, यावर मी लक्ष ठेवू लागलो. एकदा दोन शेजाऱ्यांना घेऊन त्याच्या घरीही गेलो. मतदान केलेल्या माणसाला बोलायला जरा जोर येतो. तुमच्याविरुद्ध मत दिलं होतं हे मी त्याला सांगितलं नाही.

नोकरीत निरनिराळ्या निवडणुका पाहिल्यावर माझं जे मत झालं ते एवढंच आहे. निवडणूक जितकी लहान, तितकं एकेक मत जड. लोकसभेला मतपत्रिकांचे ढीग मोजताना एखादी खाली पडली तर आम्ही उचलून ढिगात घालायचो आणि निकालाला त्याचं काही वाटायचं नाही. बोरखेडला एक शिडी जास्त निघाली असती तर विहीर हलली असती. तरी लोक नटूनथटून जातात ते ढिगात मत घालायला, आणि विहीर ठरते त्या दिवशी शेतात जातात. मी स्वतः त्यातलाच होतो, म्हणून हे दुसऱ्याला शहाणपण शिकवायला लिहीत नाही.

बोरखेडच्या पुढच्या पंचायत निवडणुकीला मी अमरावतीत होतो, म्हणून ती मी पाहिली नाही. गुलाबराव नंतर दवाखान्यासाठी अमरावतीला आले, तेव्हा आमच्याकडे उतरले आणि त्यांनीच सांगितलं. त्या दिवशी त्यांनी शेतात एकही मजूर लावला नाही. सकाळी आपल्या गल्लीतली सगळी दारं वाजवली. ज्यांना सुगंधाबाईला मत द्यायचं नव्हतं त्यांनाही, तुम्हाला द्यायचं त्याला द्या पण चला, असं म्हणून बाहेर काढलं. पाटलांच्या गल्लीतल्या बायकांचीही नावं आता यादीत आली होती, त्याही आपापल्या प्रभागात मत देऊन गेल्या. उताराकडच्या प्रभागात सुगंधाबाई अकरा मतांनी निवडून आली. गुलाबराव अकरा हा आकडा सांगताना बोटं मोजून दाखवत होते. आम्ही नवराबायको वगळलो तरी नऊ उरतात, असं म्हणाले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी सुट्टी काढून मूर्तिजापूरला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम बोरखेडला जाऊन आलो. नाल्याच्या काठाला विहीर झाली होती. दगडी बांधणी अजून ओली दिसत होती. रहाटावर वस्तीतल्या आणि कास्तकारांच्या गल्लीतल्या बायका पाळीपाळीनं पाणी ओढत होत्या. घागरी एकमेकींना लागत होत्या आणि कोणी काही म्हणत नव्हतं. निदान मी होतो तोवर तरी.

सुगंधाबाईनं मला पेलाभर पाणी दिलं. मी प्यालो. कसं आहे, तिनं विचारलं. मी थोडा घुटमळलो. पाणी खारट नव्हतं, पण गोडंही म्हणता आलं नसतं.

"जरासं खारं आहे," मी म्हणालो.

"हाव," ती म्हणाली. "चहाले चालते, डाळीले नाई. चार हात वरच्या अंगाले खंदाले पायजे व्हतं. माह्याच हट्टानं इथं खंदली." मग नाल्याच्या वरच्या वळणाकडे बोट दाखवून तिनं सांगितलं की नव्या जागेचा ठराव तिनं पंचायतीत मांडला आहे, पण बहुमत मिळेल असं दिसत नाही. पाटील म्हणतात, एक विहीर झाली, आता आणखी कशाला.

नाहीच मिळालं तर, असं मी विचारलं.

तिनं माझ्या हातातला रिकामा पेला घेतला आणि विसळला. "तर पुढच्या मतदानाले पाहू," ती म्हणाली, आणि पाळी आली म्हणून रहाटाकडे गेली.